उभ्या जागी दिशा

काजूचा बोंडू झाडावरून पडतो तेव्हा फारसा आवाज होत नाही. पाचोळ्यात धप्प होतं आणि संपतं. आवाज होतो तो नंतर, बोंडवाच्या टोकाची बी पिरगळून तोडताना. ओला, तुटका आवाज. आमच्या मये गावच्या डोंगरावर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दिवसभर हाच आवाज चालायचा. बी एका टोपलीत, बोंडू दुसरीत. बोंडू मग दगडात कोरलेल्या चौकोनी खळग्यात टाकून पायांनी तुडवायचे. रस घोट्यांपर्यंत चढायचा, भेगांमध्ये शिरून आग करायचा, आणि वर माश्यांचे थवे. कच्च्या बीच्या टरफलातलं तेल ओठाला लागलं तर कातडी सोलून निघते. माझ्या हनुवटीवर अजून त्याचा पांढुरका डाग आहे. बाहेरून येणारी माणसं उर्राकाचा, बोंडवाच्या ताज्या दारूचा ग्लास हातात धरून आमच्या हंगामाचं कौतुक करतात तेव्हा मला हसू येतं. पिरगळणं, तुडवणं, पिळणं आणि शेवटी भट्टीवर जाळणं, एवढाच तो हंगाम आहे. त्याला गोड वास येतो ही गोष्ट वेगळी.

यंदा तो वास मला म्हापशाच्या बसमध्ये आला. पेडण्याहून निघालेली गाडी, शेजारच्या बाईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पिवळे बोंडू. सहा हंगाम झाले, मी मयेच्या डोंगरावर पाऊल ठेवलेलं नाही. माहेरी जाते, चतुर्थीला जाते, पण डोंगरावर नाही.

म्हापशात मी जात होते ते एका दुकानात. मासेमारीचं सामान विकणारं दुकान, जाळी, दोर, बोये, आणि एका काचेच्या कपाटात हातात धरायची जीपीएस यंत्रं. दुकानदाराचे केस पिकलेत, पण प्रश्न तोच.

"बाई, उभ्या जागी दिशा कळायला पाहिजे, की चालताना कळली तर चालेल?"

सहा वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी अर्ध्या मिनिटात दिलं होतं. या वेळी माझं उत्तर येईपर्यंत तो बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोर मोजून देऊन आला.

मी पेडण्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. कुठल्या डोंगरावर कुठलं झाड आहे याची नोंद करत हिंडायचा मला नाद आहे. "त्याला यंत्र कशाला? मोबाईल आहे ना," असं मला स्टाफरूममधले सगळे सांगतात. त्यांना एकदा एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर नेऊन उभं करायला हवं. मोबाईल तापून बंद पडतो, उन्हात पडदा दिसत नाही, आणि हाताला घाम असला की बोटाचा स्पर्शही त्याला ओळखू येत नाही. यंत्र घ्यावं तर बटणांचं घ्यावं. चिकट हातांनीसुद्धा दाबता येतं. बॅटरी बाहेर काढता येणारी असावी, म्हणजे खिशात दोन जादा ठेवल्या की काळजी नाही. दाट झाडीखालीही उपग्रह पकडणारं असावं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मी हुशार होते, हाच तर घोटाळा झाला.

राहता राहिला प्रश्न दिशेचा. तो जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उपग्रह तुम्ही कुठे आहात ते सांगतात, तुमचं तोंड कुठे आहे ते सांगत नाहीत. साधं यंत्र हातात घेऊन चालू लागलात की चार पावलांत त्याला कळतं की हा माणूस अमुक बाजूला निघालाय, आणि मग ते बाण दाखवतं. थांबलात की बाण गेला. महागाच्या यंत्रात वेगळं होकायंत्र असतं, त्यामुळे उभ्या जागी, एक पाऊल न टाकता, बाण दिशा दाखवतो. मी महागाचं घेतलं. मला वाटलं, उगाच पायपीट कशाला?

तेव्हा दुकानात केरीचा एक मच्छीमार होता. उन्हाने काळा झालेला, पायात चप्पल नाही. माझ्या हातातलं यंत्र बघून तो म्हणाला, "बाय, हें आमकां नाका गो. होडयेंत इंजिन आसा. लोखंडालागीं व्हेलें की हें पिशें जाता. आमकां आपलें चलतां चलतां दाखयता तेंच पुरो."

लोखंडाजवळ नेलं की वेडं होतं. इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्याने. मी हसून मान हलवली. मला होडी कुठे चालवायची होती?

माझे दोन भाऊ. थोरला दत्ता, त्याला मी दादा म्हणते, आणि धाकटा उल्हास. बाबांनी जाण्यापूर्वी काजूंचा डोंगर दोघांत वाटून दिला. वाटणी अगदी सोपी. वर सड्याच्या कडेला एक शिमेचा, म्हणजे हद्दीचा दगड, खाली व्हाळाच्या, ओढ्याच्या पाण्यापाशी दुसरा. दोन्हींच्या मधून सरळ रेघ. उत्तरेकडचं दादाचं, दक्षिणेकडचं उल्हासचं. आता गंमत अशी की वरून खालचा दगड दिसत नाही. मध्ये डोंगराचं पोट आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि वरच्या दगडापासून पन्नास-साठ पावलांवर, नेमकं त्या रेघेच्या आसपास, पेजेचं झाड आहे.

पेजेचं झाड म्हणजे काजूचंच झाड, पण जुनं, आडवं पसरलेलं. दहा वाजता पेज यायची ती त्याच्या सावलीत. त्या उघड्या उतारावर दुसरी सावली नाही. आम्ही तिघंही लहानपणी तिथे एका पानावरचं मीठ वाटून खाल्लं. त्याचे बोंडू आंबट आणि बारीक, बी किडकी. कोणाला ते झाड मिळालं म्हणून काही मोठा लाभ नव्हता. पण ज्याचं झाड नाही त्याने पेज खायला कुठे बसायचं? दुसऱ्याच्या सावलीत, त्याच्या परवानगीने? दोघांनाही हे मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

मग दर हंगामात तिथे काय झालं नाही! एका वर्षी दादाने उल्हासच्या गड्याची टोपली लाथेने उतारावरून घरंगळवली. एका वर्षी उल्हासने पेजेचं मडकं दगडावर आपटलं आणि ऊन पेज दादाच्या पायावर सांडली. एकदा दोघे पाचोळ्यात लोळून मारामारी करत होते, एकमेकांच्या मानेला धरून, चाळिशी उलटलेली माणसं, आणि रसाने, मातीने, रक्ताने इतके माखले होते की कोणाचा हात कोणाच्या गळ्यावर आहे हे वहिनीला आधी कळेना. तिने दोघांवर पाण्याची घागर ओतली. कुत्र्यांवर ओततात तशी.

त्या वर्षी शेवटी दादाचाच फोन आला. "बाय, तुजें तें यंत्र घेवन यो. एकदां शीम काडूया. यंत्राक भाव ना, भयण ना. तें सांगतलें तें हांव मानतां." यंत्र सांगेल ते मानायला उल्हासही कबूल झाला. मला कोण आनंद झाला! घरातली भांडणं मिटवायला शास्त्र निघालं होतं माझ्या पिशवीतून.

आधी उल्हासला घेऊन मी रस्त्याने वळसा घालून व्हाळावर गेले आणि खालच्या दगडाची जागा यंत्रात नोंदवली. मग पुन्हा वळसा घालून वरच्या दगडापाशी. दादा तिथे वाट बघत होता. यंत्रात खालचा दगड निवडला आणि बाण उभा राहिला.

"सकयल देंवपाक जाय?" दादाने विचारलं.

"खाली उतरायची गरज नाही," मी म्हटलं. "उभ्या जागी दिसतं. म्हणून तर हे घेतलं."

दादाने यंत्र हातात घेतलं. आमच्याकडे डोंगरावर गेलेला माणूस कोयत्याशिवाय नसतो. कमरेच्या मागे लाकडी आकडी, तिच्यात कोयता. रस्ता दाखवायचा तर बोटाने नाही, कोयत्याने दाखवतात. दादाने सवयीने कोयता काढला, त्याचं पातं यंत्राच्या कडेला, बाणाला समांतर, फूटपट्टीसारखं टेकवलं, एक डोळा मिटला आणि पात्याच्या रेघेत बघितलं. "उल्हास, उजवेकडेन! आनीक! आनीक! हांगा!" उल्हास चुन्याचं डबडं घेऊन पुढे, दादा ओरडेल त्या दगडावर चुना फासत. एक दगड, दोन दगड, पाच दगड. पाचवा दगड पेजेच्या झाडाच्या पलीकडे, दक्षिणेला पडला. झाड दादाचं.

उल्हास चुन्याने भरलेला हात लोंबता ठेवून उभा राहिला. "बाय, हें खरें?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी किती वर्गांमध्ये किती वेळा म्हटलं असेन. त्यानंतर एकदाही म्हटलेलं नाही.

त्या संध्याकाळी दादा चहा घेऊन कुठेतरी गेला आणि दिवेलागणीला परतला तेव्हा त्याच्या पोटऱ्या ओरखड्यांनी भरल्या होत्या. वहिनीने विचारलं तर म्हणाला, काही नाही, करवंदं. तो जेवलासुद्धा नीट नाही. मला वाटलं, जिंकल्याचं त्यालाही वाईट वाटतंय.

सकाळी पेज घेऊन मी वर गेले. दादा माझ्या पुढे, लांब टांगा टाकत. अर्ध्या चढावर असतानाच आवाज आला. लाकडावर लोखंडाचा. उल्हास पेजेचं झाड तोडत होता. कुऱ्हाड नव्हती, कोयत्यानेच, दोन्ही हातांनी, वेड्यासारखा. प्रत्येक घावाला ओल्या सालीचे तुकडे उडत होते, बोंडू टपटप पडत होते, आणि तो प्रत्येक घावाबरोबर आईवरून शिवी घालत होता. आई आमची तिघांची एकच, तरीही. दादा धावला. "आयक रे, उल्हास! आयक!" मी ते स्पष्ट ऐकलं. थांब नाही म्हणाला, ऐक म्हणाला. उल्हासने ऐकलं नाही. दादाने बुंध्यावर, घावाच्या जागेवर, आपला उजवा हात ठेवला. कोयता वरून सुटलेलाच होता.

करंगळी आणि तिच्या शेजारचं. दोन्ही पाचोळ्यात पडली, बोंडवांमध्ये. मी ती शोधली. तिथे गुडघे टेकून, माश्या हाकलत, लाल बोंडू बाजूला सारत शोधली. पुढचं मला धड आठवत नाही. उल्हासचा ओरडण्याचा आवाज आठवतो, दादाचा नाही. दादाने ओठ इतके दाबले होते की तिथूनही रक्त येत होतं. माझ्या हातातल्या पेजेचं काय झालं कोण जाणे.

बोटं जोडता आली नाहीत. दादाने पोलिसांत सांगितलं की काम करताना लागलं. त्याबद्दल गावाने त्याला देवमाणूस ठरवलं. उल्हासने त्या दिवसापासून मान वर केली नाही. झाड दादाचं राहिलं, घाव भरून त्यावर गाठ आली, आणि भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पावसाळ्यात कॉलेजच्या आवारात रोपं लावत होतो. वर्गातल्या टेबलावर यंत्र होतं, त्याचा बाण दिशा धरून शांत. मी काम संपवून आत आले, हातातला लहान कोयता त्याच्या शेजारी ठेवला, आणि बाण वळला. कोयता उचलला, परत आला. ठेवला, पुन्हा वळला. बाहेर धो धो पाऊस आणि मी खुळ्यासारखी कोयता उचलतेय, ठेवतेय. केरीच्या त्या माणसाचं वाक्य तेव्हा आठवलं. मी घरी येऊन मांडून बघितलं. एवढा बाण वळला तर पन्नास-साठ पावलांवर रेघ किती सरकेल? पेजेच्या झाडाच्या पुष्कळ अलीकडे, उत्तरेला. झाड उल्हासचं होतं. दादाची रेघ त्याच्या स्वतःच्या कोयत्याने वाकवली होती, आणि मी शेजारी उभी राहून शहाणपण शिकवत होते.

सांगितलं का? नाही. सहा वर्षं नाही. दादाकडे बघितलं की त्याचा हात दिसायचा. दोन बोटं गेली, पण निदान न्यायाच्या बाजूने गेली एवढं तरी त्याला आहे, ते मी काढून घेऊ? आणि उल्हासला काय सांगू, की तू बरोबर होतास, म्हणून उठ आणि पुन्हा त्याच्या अंगावर जा? मी माझ्या मनाला अशी पुष्कळ कारणं दिली. खरं कारण एकच, मला माझी लाज वाटत होती. मी भित्री आहे. वर्गात मोठ्याने बोलणारी माणसं पुष्कळदा असतात.

यंदा उल्हासचा फोन आला. "बाय, हांव गडगो घालतां. चिरे येवन पडल्यात. चुनो पुसलो, एकदां येवन ती रेघ दाखय. तीच जाय माका. एक इंच चड नाका."

गडगा म्हणजे चिऱ्यांची भिंत, आणि ती त्याला त्याच जुन्या रेघेवर हवी होती. एकदा उभी राहिली की आमच्या पोरांची पोरंसुद्धा तीच शीम मानणार. बोटांची भरपाई म्हणून हा माणूस आपल्याच जमिनीवर आपल्याच हातांनी चुकीच्या जागी भिंत घालत होता. आणि माझं जुनं यंत्र तर केव्हाच बंद पडलं होतं. म्हणून मी म्हापशाच्या त्या काचेच्या कपाटासमोर उभी होते.

"चालताना कळली तर चालेल," मी दुकानदाराला म्हटलं. "उभ्या जागी नको."

डोंगरावर उल्हास होता आणि त्याच्यापासून चार हात लांब, पाठ करून, दादा. मीच दोघांना बोलावलं होतं. मी म्हटलं, हे यंत्र थांबलं की आंधळं होतं, म्हणून वरच्या दगडापासून खालच्या दगडापर्यंत चालत जायचं, तिघांनीही. उल्हास पुढे कोयत्याने करवंदी तोडत, मध्ये मी, मागे दादा. काटे हाताला, गालाला, साडीला लागत होते. उन्हाने डोकं फुटायची वेळ आली होती. बाण सांगेल तसं मी "डावीकडे, जरा उजवीकडे" म्हणत होते, आणि साठाव्या पावलाला पेजेचं झाड आमच्या दक्षिणेला राहिलं. उल्हासच्या बाजूला.

उल्हास थांबला. त्याने झाडाकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. "हें चुकता," तो म्हणाला.

"हें चुकूंक ना," मी म्हटलं, आणि कधी नव्हे ते मला माझ्या आईच्या बोलीत बोलता आलं. "त्या वर्सा हांव चुकलें."

सगळं सांगितलं. कोयत्याचं पातं, बाण, केरीचा माणूस, सहा वर्षं. मोबाईल काढून त्यातलं होकायंत्र उल्हासच्या कोयत्याजवळ धरून दाखवलं. सुई गर्रकन फिरली. उल्हासचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याच्या हातात कोयता होता आणि मला पहिल्यांदाच माझ्या भावाची भीती वाटली. मी म्हटलं, मार मला. खरंच म्हटलं.

मागून दादा बोलला. सहा वर्षांत उल्हाससमोर पहिल्यांदा.

"माका खबर आशिल्लें."

त्याला माहीत होतं! आम्ही दोघं वळलो.

"तेच सांजे हांव ह्याच कांट्यांतल्यान सकयल देंवलों. आमची रेघ व्हाळार पावली तेन्ना शिमेचो फातर खंय आनी रेघ खंय! सकाळीं तुका सांगपाक येतालों. आयक, आयक म्हणटालों मरे." त्याने बुंध्यावरच्या गाठीकडे बघितलं. "तूं तुजेंच झाड मारतालो. म्हण हात घातलो."

"मागीर कित्याक सांगलें ना?" नंतर का नाही सांगितलंस, असं उल्हास विचारत होता.

"मागीर?" दादा एकदम ओरडला. इतका, की पेजेच्या झाडावरचे पक्षी उडाले. "मागीर म्हजीं बोटां कागदांत बांदून व्हेलीं! मागीर तुका सांगूं? म्हटलें, जळूं दी. जल्मभर जळूं दी तो!"

उल्हासने कोयता टाकला. तो दादाच्या अंगावर गेला तेव्हा मी मध्ये पडायला धावले, पण त्याने दादाला मारलं नाही. त्याने दादाचा तो तीन बोटांचा हात मनगटाशी धरला आणि आपल्या तोंडावर मारून घेतला. जोरात. पुन्हा मारून घेतला. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं, तरी मारून घेत राहिला. दादाने आधी हात सैल सोडला होता. मग त्याने तो खेचून घेतला.

"पुरो," दादा म्हणाला. "दुखता माका."